हॉलमधली मुकी जागा

स्पीकर घ्यायचे ठरले तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या मनात वेगळाच आवाज होता. अंगदच्या बायकोला, दिपालीला, सिनेमातलं बोलणं स्वच्छ ऐकू यायला हवं होतं. टीव्हीतली माणसं पुटपुटतात आणि मारामारी लागली की खिडक्या थरथरतात, ही तिची जुनी तक्रार. त्याच्या आईला, राहीबाईंना, भजन हवं होतं, पण "टाळ टाळावानी वाजला पायजे, पत्र्यावानी न्हाई" अशा अटीवर. अंगदला मात्र खालचा आवाज हवा होता. ढोलाचा, पखवाजाचा, जमिनीतून वर चढणारा. कारण त्याच्या लेकीला तेवढाच कळण्यासारखा होता.

संस्कृती जन्मापासून बहिरी. कानाची नसच धड तयार झालेली नाही, मशीन बसवून उपयोग नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती रांगत होती. आता ती श्रीरामपूरच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत जायची, हातांनी भराभर बोलायची आणि ट्रॅक्टर वस्तीवर वळला की कुणाच्याही आधी दारात पळायची. तळपायांना कळायचं तिच्या.

अंगद तसा हिशेबी डोक्याचा माणूस. पुण्याच्या एका कारखान्यात यंत्रांची थरथर मोजायचं काम त्याने बरीच वर्षं केलं होतं. मग वडील गेले आणि तो पुणतांब्याला पेरूच्या बागेवर परतला. जी गोष्ट मोजता येते ती आहे, जी येत नाही तिच्याबद्दल बोलू नये, असा त्याचा खाक्या. गोदावरीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, उसाच्या जुन्या रानात त्याने नवा बंगला बांधला. हॉल ऐसपैस, गुळगुळीत पांढऱ्या फरशीचा, बागेकडे दोन मोठ्या खिडक्या. टाळी वाजवली की ती क्षणभर घुटमळायची आणि मग विरायची.

श्रीरामपूरला हर्षलचं स्पीकरचं दुकान होतं. ऐकायची खोली मागच्या बाजूला, जाड पडदे लावलेली. अंगद लेकीला घेऊन गेला. हर्षलने आधी उंच उभे स्पीकर लावले, मग मांडणीवर ठेवायचे लहान. "दादा, गाण्याला उभे चांगले," तो म्हणाला. "पन थेटर करायचं आसंल तर लहान घ्या, बोलन्यासाठी मधला एक घ्या, आन सगळा पैका सबवूफरमधी टाका. पोटातला आवाज त्योच देतो."

सबवूफर त्याच्याकडे दोन प्रकारचे होते. एक मोठा, पोटाला भोक असलेला. त्यातून वारा फुंकल्यासारखा बाहेर येई. दुसरा बुटका, चौकोनी, सगळीकडून बंद. दोन्हींवर त्याने ढोलाचा एकच तुकडा वाजवला. संस्कृती मांडी घालून जमिनीवर बसली, दोन्ही तळवे फरशीला लावले आणि डोळे मिटले.

मोठा वाजला तेव्हा तिने नाक मुरडलं. हातांनी सांगितलं, लापशी. सगळं एकात एक कालवलेलं.

मग बुटका वाजला. थोड्या वेळाने तिचं बोट फरशीवर हलू लागलं. प्रत्येक थापेला एक टिचकी, बरोबर थापेवर. अंगदने एकदा हर्षलकडे पाहिलं आणि घाईने तोंड पडद्याकडे फिरवलं. आजवर लेझमीत ही पोर नेहमी एक पाऊल मागे असायची. शेजारणीचे हात बघून मग आपले हलवायची.

"ह्योच पॅक करू ना?" हर्षलने हळूच विचारलं.

"हाच."

*

सामान लावायला हर्षल स्वतः वस्तीवर आला. मधला स्पीकर टीव्हीखाली, दोन बाजूंना दोन, मागे दोन लहान. सबवूफर कुठे ठेवायचा ते मात्र त्याने आधी ठरवलं नाही. "ह्याची उलटी रीत हाय. जिथं आपन बसनार तिथं ह्याला ठेवायचं, आन आपन जमिनीवर रांगत हिंडायचं. जिथं बेस भरगच्च लागंल, ती ह्याची जागा."

मग दोन बाप्ये आणि एक पोर भिंतीकडेने रांगू लागले. दिपाली पदर तोंडाला लावून हसत होती. राहीबाई दाराशी परात घेऊन ज्वारी निवडत होत्या. परातीतले दाणे ढोलाच्या थापेला टणाटण उडत होते आणि म्हातारीला त्याची मोठी गंमत वाटत होती.

बागेकडच्या खिडकीखाली अंगदच्या तळव्यातली थाप एकाएकी गेली.

कमी झाली नाही. गेली. त्याने हात वीतभर उजवीकडे नेला, थाप लागली. परत डावीकडे नेला, फरशी मुकी.

"खड्डा हाय," हर्षल म्हणाला. "व्हतं तसं. भितीवरनं लाट परत येती आन दोन लाटा एकमेकीला मारत्यात."

अंगदला हे ठाऊक होतं. त्याला फक्त खड्ड्याचा आकार खटकला. मागून रांगत येणारी संस्कृती तिथवर आली, थांबली, आणि एखाद्या बसलेल्या माणसाला ओलांडू नये तशी वळसा घालून पलीकडे गेली. त्या क्षणी कुणाचं तिकडे नीट लक्ष नव्हतं.

सबवूफर टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात बसला. त्या संध्याकाळी राहीबाईंनी भजन ऐकलं. टाळ टाळासारखा वाजला.

*

अंगदला खड्डा स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईची परात मागून घेतली, मूठभर ज्वारी पसरली आणि एक सलग जाड सूर लावून परात फरशीवर सरकवत नेली. सगळीकडे दाणे नाचत होते. खिडकीखाली ते पडून राहिले, जमिनीवर सांडल्यासारखे. त्याने जागेच्या कडेने खडूने रेघ मारली. रेघ मिळाली तेव्हा आकार झाला साधारण पाटाएवढा. एक माणूस मांडी घालून बसेल एवढा.

त्याने सबवूफर ओढून समोरच्या कोपऱ्यात नेला. खोलीतले बाकीचे जोर बदलले, कुठे आवाज वाढला, कुठे मंदावला. खडूच्या रेघेआतले दाणे मात्र हलले नाहीत.

त्याने हर्षलला बोलावलं. हर्षल माईक आणि लॅपटॉप घेऊन आला, खालून वर चढत जाणारे सूर सोडून मोजू लागला. लॅपटॉपवरचे आकडे त्याने दोनदा तपासले.

"दादा, जाड आवाजाची लाट ह्या हॉलपरीस लांब आसती," तो म्हणाला. "तिच्यात खड्डा पडला तर आर्धा हॉल गप व्हतो. पाटायेवढा खड्डा पडत न्हाई."

"पडलाय की."

"व्हय. पडलाय." त्याने लॅपटॉप मिटला. "मानूस मधी बसला तर बारीक आवाज आडतो. बेस मानसाला आडत न्हाई, आरपार जातो. म्या आसं कुटंच बघितलं न्हाई."

"खाली काही पोकळ असेल?"

राहीबाईंनी दारातूनच उत्तर दिलं. "काय पोकळ आसंल? भराव टाकताना मी सोता हुभी हुते. मुरूम, दगूड, परत मुरूम. त्याच्याआधी ऊस. ऊसाच्या आधी बी ऊसच. हितं कुनी राहिलं न्हाई का कुनी मेलं न्हाई."

हर्षलने चहा अर्धाच प्यायला. जाताना तो खिडकीकडून न जाता दिवाणाच्या मागून फिरून दाराकडे गेला. आपण असं का केलं हे त्यालाही कळलं नसावं.

*

काही दिवसांनी दिपालीने हॉल पुसताना खडूची रेघ पुसून टाकली. अंगदने पुन्हा मारायला परात घेतली तर खिडकीखाली दाणे नाचू लागले. तो सबंध हॉलभर फिरला. मुकी जागा आता दिवाणाच्या पायाशी होती. तेवढीच, पाटाएवढी.

शाळेतून आलेली संस्कृती दप्तर टाकून दारात उभी होती. ती बापाकडे बघून हसली आणि तिने एक खूण केली. स्पीकर आल्यापासून घरात ही नवी खूण तयार झाली होती. तळहात पालथा धरायचा आणि थरथरवायचा. ऐकणं. कानाची खूण तिला कधीच आवडली नव्हती.

अंगदने हातांनी विचारलं, कोण ऐकतंय?

तिने दिवाणाच्या पायथ्याकडे बोट दाखवलं.

दिपाली पुढे झाली. तिचे हात लेकीशी बोलताना नेहमी संथ असायचे, आता अडखळले. कोण आहे? बाई? पुरुष?

संस्कृतीने खांदे उडवले. तिला तो प्रश्न महत्त्वाचा वाटला नाही. मग थोडा विचार करून तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, आणि दोन्ही तर्जन्या एकमेकींना जोडल्या.

माझ्यासारखं.

त्या रात्री जेवताना दिपाली म्हणाली, "अहो, हे परत करून टाका."

"काय परत करू? जागा?"

"तो डबा. तो आल्यापासूनच आहे ना हे?"

"तो आल्यापासून आपल्याला कळलं," अंगद म्हणाला. मग स्वतःचंच बोलणं त्याला आवडलं नाही. "हे बघ, तिच्या शाळेचं गॅदरिंग जवळ आलंय. निकिता मॅडमचा फोन होता. म्हणाल्या, संस्कृतीला पुढच्या रांगेत घेतलंय. डोळे मिटून लेझीम खेळते म्हणे. आता मी ते उचलून नेऊ?"

दिपालीने भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच ताटात ठेवला.

राहीबाई म्हणाल्या, "बसू द्या की. कुनाचं काय खातंय? आयकायला आलंय."

"आत्या, तुम्ही गप बसा बाई," दिपाली म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

अंगदने मधला मार्ग काढला. हर्षलकडून तो मोठा, भोकवाला सबवूफर चार दिवस वापरून बघायला मागवला, आणि हर्षल तो टेम्पोतून घेऊन आला. खोट बुटक्यात असेल तर कळेल. संस्कृतीने लापशी म्हणून तोंड वाकडं केलं, तरी वाकळ पसरून हॉलमध्ये बसली. वाकळेच्या एका कडेला बसली. उरलेली वाकळ तिने हाताने सारखी केली, सुरकुत्या काढल्या आणि मोकळी ठेवली.

अंगदने परात मोकळ्या भागावर ठेवली. हर्षलने आवाज वाढवला. खिडक्यांच्या काचा गुणगुणू लागल्या, टीव्हीशेजारची फुलदाणी सरकली. परातीत एक दाणा हलला नाही.

"आमच्या मालात खोट न्हाई, दादा," हर्षल दबक्या आवाजात म्हणाला. तो मोठा डबा त्याने तेव्हाच टेम्पोत घातला, चार दिवस थांबला नाही.

*

गॅदरिंग भर दुपारी, शाळेच्या मैदानात झालं. मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, खांबाला बांधलेला एकच कर्णा. ढोलाची ध्वनिफीत त्या कर्ण्यातून किरकिरत होती. मोठ्यांना ताल कळत होता. मुलांसाठी निकिता मॅडम समोर उभ्या राहून हाताने ठेका देत होत्या आणि सगळ्या मुलींचे डोळे त्यांच्या हातावर होते.

संस्कृतीचे डोळे मिटलेले होते. तिची लेझीम प्रत्येक थापेवर बरोबर पडत होती. वाकणं, उठणं, गिरकी, सगळं थापेवर. टाळ्यांचा कडकडाट झाला. राहीबाईंनी शेजारच्या बाईचा हात धरून सांगितलं, "ती माजी नात." दिपाली रडत हसत होती.

अंगदही टाळ्या वाजवत होता. पण त्याचं डोकं थांबायला तयार नव्हतं. असल्या कर्ण्यातून खालचा आवाज येतच नाही. आला असता तरी मातीच्या मैदानात मुरला असता. ही पोर कशावर नाचतेय?

पायांना सवय झाली, त्याने स्वतःला सांगितलं.

पुढच्या रांगेत संस्कृतीच्या डाव्या हाताला एका मुलीएवढी फट होती. मॅडमनी खुणावलं तशा पोरी सरकल्या, फट बुजली. गिरकी झाली आणि फट पुन्हा तिथेच होती. पलीकडच्या मुलीला आपण सरकलो हे कळल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

घरी येताना गाडीत दिपाली म्हणाली, "राहू दे तो डबा." अंगदने मान हलवली. त्याला हायसं वाटायला हवं होतं.

*

त्यानंतरचे दिवस खरंच निवांत गेले. दिपालीला सिनेमातलं बोलणं स्वच्छ ऐकू येऊ लागलं. राहीबाईंची सकाळ भजनाने उजाडू लागली. घरातली माणसं वाकळेच्या मोकळ्या कडेवर पाय द्यायचं आपोआप टाळू लागली आणि कुणी त्यावर बोलेनासं झालं. पाहुणे आले तर त्यांना दिवाणावर बसवायचं. आलेला माणूसही का कोण जाणे, तिकडे जात नसे.

एका सोमवारी अंगद बागेतून दुपारी लवकर परतला. दिपाली शिकवते त्या शाळेत, राहीबाई पेरूच्या तोडणीवर बायकांबरोबर, संस्कृती सकाळच्या गाडीने श्रीरामपूरला. घर रिकामं. खिडकीतून पिकल्या पेरूचा गोडसर वास येत होता आणि लांब पाण्याची मोटर चालू होती.

हॉलमध्ये वाकळ पसरलेली होती. सकाळी घडी करायची राहिली असेल.

आपण बऱ्याच दिवसांत मोजलं नाही, असं त्याला वाटलं. त्याने परात आणली, ज्वारी पसरली आणि लेकीच्या आवडीचा ढोल लावला.

मोकळ्या कडेवर परात ठेवली. दाणे पडून राहिले. म्हणजे आहे. त्याला जवळजवळ बरं वाटलं, ओळखीचं माणूस जागेवर सापडावं तसं.

उठताना परात त्याच्या गुडघ्याला लागून दुसऱ्या कडेला सरकली. जिथे संस्कृती बसते तिथे.

तिथेही दाणे निश्चल होते.

त्याने परात उचलली. वाकळेबाहेर ठेवली. दाणे उसळले. परत आत ठेवली. थांबले.

लेक तिथे बसलेली असताना त्याने कैकदा मोजलं होतं. तिच्या अगदी मांडीशी परात ठेवून मोजलं होतं. दाणे नेहमी नाचायचे, ती खदखदून हसायची. हर्षल म्हणाला होता ते खरं होतं, माणसाला बेस अडत नाही.

आता तिथे कुणी नव्हतं.

त्याने तळहात वाकळेवर टेकवला. हॉलभर ढोल दणदणत होता. हाताखाली काही नव्हतं. फक्त कापड किंचित ऊबदार होतं, आणि ऊन खिडकीच्या चौकटीपाशीच थांबलेलं होतं.

त्याने झटकन उठून सबवूफरचं बटण बंद केलं.

शांतता इतकी एकदम पडली की बागेतल्या बायकांचं बोलणं ऐकू आलं.

खिशातला फोन वाजला. व्हिडिओ कॉल. निकिता मॅडम.

"सर, सॉरी हं, तास चालू असताना फोन केला," मॅडम म्हणाल्या. त्यांच्यामागे वर्गाची निळी भिंत दिसत होती. "चित्रकलेचा तास आहे. मुली जमिनीवर बसल्यात. संस्कृती केव्हाची हात फरशीवर ठेवून मान डोलवत होती, मी म्हटलं असू दे. आणि आत्ता एकदम उठून माझा हात धरला. तुम्हाला फोन लावा म्हणून ऐकेचना. सगळं ठीक आहे ना घरी?"

 अंगदने नुसती मान हलवली.

मॅडमनी फोन संस्कृतीकडे फिरवला. तिच्या गालाला हिरवा रंग लागला होता. ती घाबरलेली नव्हती. खेळ ऐन रंगात आला असताना हाक मारून घरात बोलावलं की पोरं रुसतात, तेवढीच रुसलेली होती.

तिने फोन पुस्तकांना टेकवून उभा केला, म्हणजे दोन्ही हात मोकळे झाले. मग बापाकडे बघून सावकाश, त्याला नीट कळेल अशा बेताने विचारलं.

बंद का केलंत? आम्ही ऐकत होतो.